सोन्याची तारीख लिहून ठेवणारा शेतकरी
वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरं

प्रश्न : गुरुजी, सप्रेम नमस्कार. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता कोरेगाव तालुक्यात आल्याची शेती बघतो. लेक-जावई कॅलिफोर्नियात फॉल्समला असतात. त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा जवळच कोलोमाला १८४८ साली सोनं सापडलं ती जागा पाहिली. तिथे कळलं की सोनं सापडल्याची नक्की तारीख एका मजुराच्या डायरीमुळे ठरली. हा मजूर, हेन्री बिगलर, माजी सैनिक होता, पुढे शेतकरी झाला आणि मोठा धार्मिक होता. जावई म्हणतात, पायाशी सोनं असून निघून गेला म्हणजे खुळाच असणार. मला काही ते पटलं नाही. हा गडी कोण, कुठल्या लढाया लढला, सोनं टाकून का गेला आणि त्याचा शेवट कसा झाला?
– एक निवृत्त सुभेदार

उत्तर : सुभेदारसाहेब, लढायांचं आधी सांगून टाकतो. बिगलरच्या पलटणीनं एकही लढाई लढली नाही. एकच चकमक झाली, तीही बैलांशी. ११ डिसेंबर १८४६ रोजी, आजच्या ॲरिझोनात सॅन पेद्रो नदीच्या काठी, मालकांनी सोडून दिलेल्या गुरांतले मोकाट बैल कळपानं पलटणीच्या खेचरांवर आणि गाड्यांवर चालून आले. शिपायांनी बंदुका चालवल्या, काही माणसं जखमी झाली, खेचरांची पोटं फाटली. इतिहासात तिचं नाव ‘बैलांची लढाई’ असंच आहे. तुमच्या छातीवरची पदकं बघून बिगलर बिचारा लाजला असता.

पण चालला मात्र खूप. त्याचा जन्म २८ ऑगस्ट १८१५ चा, तेव्हाच्या व्हर्जिनियातल्या (आता वेस्ट व्हर्जिनिया) डोंगराळ मुलखातला. १८३७ साली त्यानं मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली. हा पंथ तेव्हा नवा होता आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होता. बिगलर त्यांच्याबरोबर मिसूरीत गेला आणि १८३८ साली तिथल्या गव्हर्नरनं फर्मान काढलं, की या लोकांचा नायनाट करा किंवा राज्याबाहेर हाकला. तिथून इलिनॉयमधल्या नॉव्हू गावी. १८४४ साली जवळच्या कार्थेज गावी जमावानं त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला तुरुंगात घुसून मारलं. १८४६ च्या कडाक्याच्या हिवाळ्यापासून पंथाचे लोक घरंदारं सोडून पश्चिमेकडे निघाले.

आणि गंमत बघा, ज्या सरकारनं यांना वाचवलं नाही त्याच सरकारला त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोशी लढायला माणसं हवी होती. ब्रिगहॅम यंग हा त्यांचा नवा पुढारी व्यवहारी माणूस. त्यानं पाचशेच्या आसपास गडी दिले. शिपायाला महिना ७ डॉलर पगार, शिवाय वर्षभराच्या कपड्यांचे ४२ डॉलर आगाऊ. कपडे कुणी घेतले नाहीत. अंगावरच्या फाटक्यातच गेले, आणि त्या पैशातला बराचसा मागे चिखलात तंबू ठोकून बसलेल्या बायकापोरांच्या प्रवासाला लागला. फौजेतून घरी मनिऑर्डर कशी जायची ते कोरेगाव तालुक्याला मी काय सांगावं!

‘मॉर्मन बटालियन’ची ही कूच साधारण ३२०० किलोमीटरची, आयोवाच्या हद्दीपासून थेट सॅन दिएगोपर्यंत. वाळवंटात पाण्यासाठी खड्डे खणत, गाड्या दोरखंडांनी ओढत. जानेवारी १८४७ मध्ये एका खिंडीत गाड्या अडकल्या, खडकांच्या भिंतींमधली वाट गाडीच्या रुंदीपेक्षा अरुंद. अवजारं बहुतेक मागेच गेलेली. तेव्हा कुऱ्हाडी, पहारी जे होतं त्यानं हातांनी दगड फोडून वाट केली. डॉक्टर असा, की आजारी माणसाला कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध बळजबरीनं पाजायचा. शिपायांनी त्याला ‘डॉक्टर डेथ’ म्हणायला सुरुवात केली होती. सॅन दिएगोला पोहोचल्यावर पलटणीचा प्रमुख कर्नल कुक यानं हुकूमनाम्यात लिहिलं, की पायदळाच्या अशा कुचीला इतिहासात तोड शोधून सापडणार नाही. कुक स्वतः कडक आणि तोंडानं तिखट, पंथाबद्दल त्याला काही प्रेम नव्हतं. म्हणून या शाबासकीला वजन आहे.

सॅन दिएगोत लढायला शत्रू उरला नव्हता. मग या शेतकरी शिपायांनी काय केलं, तर विटा पाडल्या, विहिरी बांधल्या, बेकरी उभी केली, गाड्या दुरुस्त केल्या. बिगलर लिहितो, ‘मला वाटतं अख्खं सॅन दिएगो मीच चुन्यानं रंगवलं.’ मला हा माणूस या एका वाक्यामुळे आवडायला लागला.

जुलै १८४७ मध्ये लॉस एंजलिसला पलटण मोडली. बिगलर आणि सोबती आपल्या लोकांना गाठायला डोंगराकडे निघाले, तर वाटेत यंगचा निरोप आला : सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आत्ताच पोहोचलोय, खायला पुरेसं नाही, ज्यांच्याजवळ शिधा नसेल त्यांनी हिवाळाभर कॅलिफोर्नियातच काम करून पोट भरावं. म्हणून ते मागे फिरले आणि सटर नावाच्या जमीनदाराकडे मजुरीला लागले. कोलोमाला सटरची लाकूड कापायची पाणचक्की बांधली जात होती. मुकादम जेम्स मार्शल.

मजूर आणि स्वयंपाकीणबाई यांच्या भांडणाची एक कथा त्याच हिवाळ्यातली आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मिसेस विमर नावाच्या बाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. हाक मारल्याबरोबर आला नाहीत तर जेवण मिळणार नाही, असा त्यांचा खाक्या. ख्रिसमसच्या सकाळी त्यांनी पोरांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यावर चार ओळींचं टिंगलीचं गाणं झालं, ते बिगलरनं जपून ठेवलं. शेवटी या सहा मॉर्मन गड्यांनी स्वतःची वेगळी खोली बांधली आणि वेगळी चूल मांडली. वेगळं झाल्यावर लगेच एक-दोन दिवसांतच ते सोनं निघालं.

२४ जानेवारी १८४८, सोमवार. चाकाखालचं पाणी बाहेर काढायला खणलेल्या चरात मार्शलला चकाकते कण दिसले. बिगलरनं त्या दिवशी जे लिहिलं ते इतकंच : ‘आज चरामध्ये कसलातरी धातू सापडला, सोन्यासारखा दिसतो. प्रथम चक्कीचा बॉस जेम्स मार्शल याला दिसला.’ शुद्धलेखनाच्या नावानं आनंदच. ‘गोल्ड’मध्ये एक अक्षर जास्त, मार्शलचं आडनावही चुकीचं. ३० तारखेला लिहितो, की धातू तपासला, सोनंच ठरलं, आणि आठवड्यात आम्ही शंभर डॉलरहून जास्त किमतीचं वेचलं. बस्स. उद्गारचिन्ह नाही, देवाचे आभार नाहीत, स्वप्नं नाहीत. पुढच्या दोन वर्षांत ज्या बातमीनं अख्खं जग धावत सुटणार होतं, तिची पहिली नोंद एवढीच आहे.

मार्शलला स्वतःला पुढे तारीख धड आठवेना. त्याच्या सांगण्यावरून कित्येक वर्षं १९ जानेवारी हीच तारीख मानली जात होती. १८८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे इतिहासकार जॉन हिटेल यांच्या हाती बिगलरची नोंद लागली आणि वाद मिटला. अझरिया स्मिथ नावाच्या त्याच्या तरुण सोबत्याची डायरीही तिला जुळली.

आता जावईबापूंच्या शंकेकडे येतो. बिगलर निर्मोही वगैरे होता, सोन्याला मातीसमान मानणारा होता, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तो तर हरणाच्या शिकारीला जातो असं सांगून एकटाच नदीकाठी जायचा आणि सुरीच्या टोकानं खडकांच्या फटीतले कण उकरायचा. रविवार हा त्याच्या धर्माप्रमाणे प्रार्थनेचा दिवस, पण त्या रविवारीही पठ्ठ्या नदीवर. दुसऱ्या चक्कीवर काम करणाऱ्या पंथबंधूंना त्यानं गुपचूप पत्र धाडून कळवलंही. ते पाहायला आले आणि परत जाताना त्यातल्या दोघांना नदीतल्या एका जागी आणखी मोठा साठा लागला. तीच ‘मॉर्मन आयलंड’. तुमच्या लेकीच्या घराजवळचा फॉल्समचा तलाव आहे ना, धरण झाल्यावर ती वस्ती त्या पाण्याखाली गेली. फार दुष्काळ पडला की पाया आणि दगड वर दिसतात.

पण मार्शलशी केलेला करार त्यांनी मोडला नाही. आधी चक्की पुरी केली, मार्चमध्ये ती सुरू झाली, सोनं कामाच्या वेळेबाहेर. आणि उन्हाळा आला तसा त्यांनी गाशा गुंडाळला. जग तिकडे यायला निघत होतं तेव्हा हे पंचेचाळीसच्या आसपास पुरुष आणि एक बाई, गाड्या, गुरं आणि सटरकडून घेतलेल्या दोन तोफा घेऊन उलट दिशेनं सिएरा नेवाडाचा डोंगर चढत होते. वाट शोधायला पुढे गेलेले तिघे परतलेच नाहीत. जुलैत एका झऱ्याजवळ त्यांची प्रेतं सापडली. सोबत्यांनी झाडाच्या खोडावर त्यांची नावं कोरली, झऱ्याला ‘ट्रॅजेडी स्प्रिंग’ म्हटलं. त्या कोरलेल्या खोडाचा तुकडा आता कोलोमाच्याच संग्रहालयात आहे. तिघांपैकी एझ्रा ॲलन याची सोन्याच्या कणांची थैली जागेवर सापडली, ती त्यांनी नेऊन त्याच्या विधवेच्या हाती दिली. दाट झाडीतून, खडकांतून त्यांनी जो गाडीरस्ता फोडला, त्याच रस्त्यानं पुढच्या वर्षी हजारो लोक सोन्यासाठी उलटे आले. सोन्यापासून दूर जाणाऱ्यांनी सोन्याकडे जाणारा हमरस्ता बांधला, असं झालं.

का गेला, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. बोलावणं होतं म्हणून गेला. माळकरी फौजी आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांच्यात हुकूम आणि भक्ती ही दोन वेगळी खाती नसतात, तसंच याचं होतं. पुरावा हवा तर पुढचं ऐका. सॉल्ट लेकला येऊन, जरा बूड टेकतंय तोवर ऑक्टोबर १८४९ मध्ये त्याला सांगण्यात आलं, की परत कॅलिफोर्नियात जा आणि सोनं काढ, आपल्यातल्या एका वृद्ध पुढाऱ्याच्या वतीनं. त्याला मनापासून जायचं नव्हतं. मनाशी बरंच झगडून कबूल झालो, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे सोनं सोडलं तेही सांगण्यावरून आणि पुन्हा काढायला गेला तेही सांगण्यावरून. जावईबापूंना हे खुळेपण वाटेल. मला यातली दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा अवघड वाटते.

खाणींवर महागाई इतकी, की मिळवलेलं खाण्यातच जाई. १८५० च्या अखेरीस वरिष्ठांनी हिशेब केला, की हिवाळा इथं काढायचा तर हवाई बेटांवर जाऊन धर्मप्रसार केलेला काय वाईट, खर्च तेवढाच. दहा जण डिसेंबरात होनोलुलूला उतरले. भाषा येईना, गोरे लोक ऐकेनात, दहातले पाच जण लवकरच परत गेले. राहिलेल्या पाचांत बिगलर होता. हवाई भाषा शिकला, १८५४ पर्यंत राहिला.

शेतीला त्याच्या वाट्याला वेळ आला तो चाळिशीत. १८५५ साली सिंथिया व्हिपलशी लग्न केलं आणि सॉल्ट लेकच्या उत्तरेला फार्मिंग्टनला शेती करू लागला. डोंगरातून उतरणारे ओढे अडवून सगळ्यांनी मिळून पाट काढायचे आणि पाळीनं पाणी घ्यायचं, अशी तिथली रीत. पाट खणायला येईल त्याला पाणी. फडपद्धत पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. मध्येच १८५७ ला पुन्हा हवाईला पाठवणी झाली, पुन्हा परत. १८७४ साली सिंथिया वारली. मग तो युटाच्या दक्षिण टोकाला सेंट जॉर्जला गेला. लाल खडकांचा, तापलेला मुलूख. पूर्वी तिथे पंथानं कापूस पिकवायला माणसं धाडली होती. तिथलं मंदिर १८७७ साली पुरं झालं आणि बिगलर त्या मंदिराच्या सेवेत लागला. पितरांच्या नावानं विधी करणं हे तिथलं मुख्य काम. १८७८ साली एलेनॉर एमेटशी दुसरं लग्न केलं. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता, पण संसार पुन्हा मांडला.

२४ जानेवारी १८९८ ला सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याच्या शोधाचा सुवर्णमहोत्सव झाला. चक्कीवरच्या लोकांपैकी चौघे तिथे आले. बिगलर, अझरिया स्मिथ, जेम्स ब्राउन आणि विल्यम जॉन्स्टन. चौघे म्हातारे मिरवणुकीत गाडीत बसले, लोकांनी टोप्या उडवल्या. मार्शल त्याआधीच १८८५ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला होता. सटरची जमीन सोनेवाल्यांनी लुटून खाल्ली, तो १८८० मध्ये वॉशिंग्टनला सरकारदरबारी भरपाईसाठी खेटे घालत असतानाच गेला.

महोत्सवाहून परतल्यावर बिगलर पुन्हा सेंट जॉर्जला. तिथेच २४ नोव्हेंबर १९०० रोजी, ८५ व्या वर्षी तो वारला. मागे गडगंज इस्टेट नव्हती. डायऱ्या होत्या. त्या त्यानं स्वतःच पुनःपुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या होत्या. त्यातली एक प्रत बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे. पुढच्या खेपेला लेकीकडे गेलात तर तिथून मोटारीनं दोन तासांच्या आत आहे.

प्रश्न : सर, वरचं पत्र आणि उत्तर छापण्याआधी तुम्ही मला वाचायला दिलंत, म्हणून लगेच विचारते. हे सगळे भक्त आणि शेतकरी ज्या जमिनीवर सोनं वेचत होते आणि नंतर पाट काढत होते ती जमीन कुणाची होती? त्या लोकांचं काय झालं?
– तुमची एक जुनी विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : कोलोमा हे नावच तिथल्या मूळ रहिवाशांच्या, निसेनान लोकांच्या, कुल्लुमा या गावाचं. चक्कीचा चर खणणाऱ्यांत निसेनान मजूरही होते, त्यांची नावं कुठल्या डायरीत नाहीत. सोनं सापडल्यावर सटरनं घाईघाईनं त्यांच्याशी त्या जागेचा भाडेपट्टा केला आणि लष्करी गव्हर्नर मेसनकडे मंजुरीला पाठवला. मेसननं तो फेटाळला. मूळ रहिवाशांना जमीन भाड्यानं द्यायचा हक्कच नाही, असं त्याचं म्हणणं. २ फेब्रुवारी १८४८ ला, सोनं सापडल्यावर नऊ दिवसांनी, मेक्सिकोनं तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला दिला. तह करणाऱ्या दोन्ही बाजूंना सोन्याचा पत्ता नव्हता आणि निसेनानांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

१८५० मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, ‘संरक्षण’ असा शब्द नावात असलेला, आणि त्याखाली मूळ रहिवाशांना वेठीला धरणं कायदेशीर झालं. १८५१ साली गव्हर्नर बर्नेटनं विधिमंडळाला सांगितलं, की या लोकांचा समूळ नाश होईपर्यंत युद्ध चालूच राहणार. १८४८ मध्ये त्यांची संख्या सुमारे दीड लाख धरतात, १८७० पर्यंत ती तीस हजारांच्या आसपास आली. रोग, उपासमार आणि सरळ सरळ कत्तली.

तुला खटकलं ते बरोबर आहे. १८३८ च्या नायनाटाच्या फर्मानाखाली पळालेला माणूस इथं दुसऱ्या फर्मानाच्या फायद्याच्या बाजूला उभा आहे. बिगलरनं कुणाला मारलं असं काही नाही, पण सेंट जॉर्जचे पाटही पायूट लोकांच्या पाण्यावरच चालले. ट्रॅजेडी स्प्रिंगच्या तिघांना ‘इंडियन’ लोकांनी मारलं असं सोबत्यांनी गृहीत धरलं, सिद्ध काही झालं नाही. सुभेदारसाहेबांना मी बिगलर आवडतो म्हणून सांगितलं, ते मागे घेत नाही. पण हेही त्याच पानावर राहू दे.

प्रश्न : गुरुजी, माझे सासरे हवालदार होते, निवृत्तीनंतर तीस वर्षं शेती केली. रोज संध्याकाळी वहीत लिहायचे. पाऊस किती, दूध किती लिटर, सप्ताहाला कोण बुवा आले, सोसायटीचा हप्ता. ते गेले. आता घर रंगवायचं काढलंय आणि धाकटे दीर म्हणतात, वह्या रद्दीत घाला, त्यात वाचण्यासारखं काय आहे! पंचवीस-तीस वह्या आहेत. काय करू?
– एक वाचक, तालुका माण

उत्तर : वहिनी, घालू नका. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात एकाच शिवारातला तीस वर्षांचा पाऊस रोजच्या रोज लिहिलेला असणं ही काय चीज आहे, ते धाकट्या भाऊजींना नंतर कधीतरी कळेल. बिगलरच्या वहीतही हवा कशी होती आणि काम काय केलं हेच जास्त आहे. सोन्याची नोंद एक ओळभर.

आता कामाचं. वह्यांतल्या टाचण्या आणि पिना काढून टाका, त्या गंजतात आणि कागद खातात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं वर्ष लिहा. शाईपेननं लिहिलेल्या वह्या ओल्या हातानं धरू नका. ओल आली असेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा, कडक उन्हात शाई उडते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, आत घाम धरतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवून एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा, आणि ज्यांची नावं नुसती ‘बापू’, ‘आक्का’, ‘तात्या’ अशी लिहिली असतील ती कोण हे सासूबाईंकडून आत्ताच विचारून वेगळ्या कागदावर उतरवा.

सोसायटीच्या हप्त्याची पानं मात्र आजच वाचून घ्या. एखादी पावती जुळत नसेल तर ती भाऊजींच्याही उपयोगाची निघेल.